इंग्लंडमधल्या एका शहराची निवडणूक : स्लाउच्या मतदाराच्या हाती नेमके काय असते?

4 मे 2023 रोजी इंग्लंडच्या मोठ्या भागात स्थानिक काउन्सिलांच्या निवडणुका झाल्या आणि तेव्हा देशात सत्तेवर असलेल्या हुजूर पक्षाचे त्यांत पानिपत झाले. सगळीकडचा हिशेब केला तर त्या पक्षाने एका दिवसात हजाराहून अधिक जागा गमावल्या. त्याच दिवशी लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाच्या शेजारी असलेल्या स्लाउ या शहरात मात्र नेमके उलटे घडले. तिथे हुजूर पक्षाचे मावळत्या काउन्सिलमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सदस्य होते, ते 42 पैकी 21 झाले. 2008 पासून सलग सत्तेत असलेला मजूर पक्ष 18 वर आला आणि उरलेल्या 3 जागा लिबरल डेमोक्रॅटांनी घेतल्या. लोकसभेसारख्या निवडणुकीत मजूर पक्षाला निवडून देणाऱ्या या शहराने देशातल्या वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने मत का दिले, हे समजून घ्यायचे असेल तर इंग्लंडमधले काउन्सिल म्हणजे काय, त्याच्याकडे पैसा कुठून येतो आणि मतपत्रिकेवरच्या फुलीने त्यातले किती बदलू शकते, हे आधी पाहावे लागते. स्लाउ हे उदाहरण मी मुद्दाम निवडले आहे. त्या परिसरात बरीच मराठी कुटुंबे राहतात, आणि या निवडणुकीत आपल्यालाही मत असते हे त्यांच्यातल्या अनेकांना ठाऊक नसते.

इंग्लंडला स्वतःची विधानसभा नाही. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना आपापली विधिमंडळे आहेत, पण इंग्लंडमध्ये वरती वेस्टमिन्स्टरची संसद आणि तिच्याखाली थेट स्थानिक काउन्सिले, अशी रचना आहे. मधला मजला नसल्यामुळे राज्य सरकारने करायची असे आपल्याला वाटणारी कितीतरी कामे तिथे काउन्सिलच्या गळ्यात पडतात. काही भागांत ही कामे दोन पातळ्यांवर वाटलेली असतात : शाळा, रस्ते आणि वृद्धांची देखभाल ही काउंटी काउन्सिलची, तर कचरा, घरे आणि बांधकाम परवाने ही डिस्ट्रिक्ट काउन्सिलची जबाबदारी असते. जिथे ही वाटणी नाही आणि सगळे एकाच काउन्सिलकडे असते, त्याला युनिटरी काउन्सिल म्हणतात. स्लाउ पूर्वी बर्कशायर काउंटीच्या छत्राखाली होते; 1 एप्रिल 1998 रोजी ती काउंटी काउन्सिल मोडीत काढून तिच्या जागी सहा युनिटरी काउन्सिले करण्यात आली आणि तेव्हापासून स्लाउचा सगळा भार स्लाउवर आला. 2021 च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या सुमारे 1 लाख 58 हजार आहे. महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम आकाराच्या नगरपालिकेएवढी ही वस्ती, पण तिच्या काउन्सिलवर कायद्याने टाकलेली कामे महापालिकेच्या कामांपेक्षाही अधिक आहेत.

या कामांपैकी सामान्य माणसाला दिसतात ती थोडीच. कचऱ्याचे डबे वेळेवर उचलले जातात का, रस्त्यावरचे खड्डे बुजवले जातात का, उद्यानांची निगा राखली जाते का, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, या गोष्टींवर लोक बोलतात, तक्रारी करतात आणि मतेही देतात. पैसा मात्र खर्च होतो तो न दिसणाऱ्या कामांवर. ज्या वृद्धांना स्वतःचे स्वतः उठता-बसता येत नाही त्यांच्या घरी मदतनीस पाठवणे, अपंग प्रौढांची सोय पाहणे, घरात छळ होत असलेल्या मुलांना सुरक्षित ठिकाणी ठेवणे, बेघर झालेल्या कुटुंबाला तात्पुरता निवारा देणे, विशेष गरजा असलेल्या मुलाला शाळेपर्यंत नेणे : ही सगळी कामे कायद्याने बंधनकारक आहेत आणि गरज सिद्ध झाली की पैसे नाहीत म्हणून ती नाकारता येत नाहीत. युनिटरी काउन्सिलच्या रोजच्या खर्चातला निम्म्याहून बराच अधिक हिस्सा अशा देखभालीतच जातो. त्यामुळे नवा पक्ष सत्तेवर आला तरी अंदाजपत्रकातला मोठा भाग आधीच ठरून गेलेला असतो, आणि ज्या उरलेल्या भागावर खरी निवड करता येते तो दरवर्षी आक्रसत चालला आहे. माझ्या मते इंग्लंडमधली स्थानिक निवडणूक समजण्याची किल्ली इथेच आहे. उमेदवाराच्या पत्रकात ग्रंथालय आणि खड्डे असतात, तर काउन्सिलच्या तिजोरीचे भवितव्य वृद्धाश्रमाच्या दरावर आणि व्याजाच्या दरावर ठरते.

पैसा येतो तो मुख्यतः तीन वाटांनी. पहिली वाट काउन्सिल टॅक्सची, म्हणजे राहत्या घरावरच्या कराची. इंग्लंडमध्ये भाड्याने राहणाऱ्या कुटुंबालाही हा कर सहसा स्वतःच भरावा लागतो, म्हणून तिथे नव्याने गेलेल्या प्रत्येकाची काउन्सिलशी पहिली ओळख याच बिलातून होते. प्रत्येक घर ए पासून एच पर्यंतच्या आठ गटांपैकी एकात बसवलेले असते आणि तो गट ठरतो 1 एप्रिल 1991 रोजी त्या घराची जी किंमत झाली असती तिच्यावरून. घर गेल्या वर्षी बांधलेले असले तरी मोजमाप 1991 चेच. सर्वांत वरच्या गटातले घर मधल्या डी गटाच्या दुप्पट कर भरते आणि सर्वांत खालचे दोन तृतीयांश. म्हणजे लाखो पौंडांचा वाडा आणि दोन खोल्यांचा फ्लॅट यांच्या करातले अंतर फार तर तिप्पट असू शकते, आणि ज्या शहरात स्वस्त घरे जास्त त्या शहराची करातून येणारी मिळकत तेवढी तोकडी राहते. एकटा प्रौढ राहत असेल तर 25 टक्के सूट मिळते आणि घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कर माफ होतो. बिलात काउन्सिलखेरीज पोलिस आणि अग्निशमन दल यांचाही वाटा असतो. दुसरी वाट दुकाने, गोदामे आणि कारखाने यांच्याकडून घेतल्या जाणाऱ्या व्यावसायिक कराची, ज्याचा एक हिस्सा काउन्सिलला स्वतःकडे ठेवता येतो; स्लाउसारख्या मोठी औद्योगिक वसाहत असलेल्या शहरात ही रक्कम महत्त्वाची ठरते. तिसरी वाट केंद्र सरकारच्या अनुदानाची, आणि 2010 नंतरच्या काटकसरीच्या वर्षांत हीच वाट सर्वांत अरुंद झाली.

मग कर वाढवावा, असे कोणीही म्हणेल. पण तेही काउन्सिलच्या मनावर नाही. केंद्र सरकार दरवर्षी एक मर्यादा ठरवते, आणि तिच्यापलीकडे कर वाढवायचा असेल तर शहरात सार्वमत घ्यावे लागते. 2023-24 साठी स्लाउसारख्या काउन्सिलांना ही मर्यादा वृद्धांच्या देखभालीसाठीच्या वेगळ्या वाढीसह 5 टक्के होती. त्यातच इंग्लंडमधल्या काउन्सिलला रोजचा खर्च भागवण्यासाठी कर्ज काढता येत नाही. वर्षाचे अंदाजपत्रक कायद्याने जुळवावेच लागते आणि ते 11 मार्चच्या आत मंजूर व्हावे लागते. इमारत, जमीन, रस्ता अशा भांडवली कामांसाठी मात्र कर्ज घेता येते. इथेच अनेक काउन्सिलांना एक वाट दिसली : स्वस्त व्याजाने कर्ज काढायचे, मालमत्ता विकत घ्यायची आणि तिच्या भाड्यातून घटलेल्या अनुदानाची भरपाई करायची.

स्लाउही त्याच वाटेने गेले. काउन्सिलवरचे कर्ज वाढत सुमारे 76 कोटी पौंडांवर पोहोचले. एवढे कर्ज असले की ते फेडण्यासाठी दरवर्षी काही रक्कम बाजूला काढून ठेवणे नियमाने आवश्यक असते, आणि ती पुरेशी काढली गेलेली नव्हती. अडीअडचणीसाठीची गंगाजळी जेमतेम उरली होती आणि आधीच्या वर्षांचे हिशेब वेळेवर तपासून पूर्ण झालेले नव्हते. काउन्सिलांच्या लेखापरीक्षणावर देखरेख करणारी ऑडिट कमिशन ही राष्ट्रीय संस्था सरकारने 2015 मध्ये बंद केली होती, हेही इथे ध्यानात ठेवले पाहिजे. अखेर जुलै 2021 मध्ये काउन्सिलच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याने कलम 114 ची नोटीस काढली.

कलम 114 हे 1988 च्या स्थानिक वित्त कायद्यातले कलम आहे आणि गेल्या काही वर्षांत इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांनी ते घराघरांत पोहोचवले आहे. वर्षाचा खर्च मिळकतीत बसणार नाही अशी वित्त अधिकाऱ्याची खात्री झाली, तर ही नोटीस काढणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्यच असते. सत्ताधारी पक्षाची परवानगी त्याला लागत नाही. नोटीस निघाली की बंधनकारक कामे सोडून नवा खर्च थांबतो आणि 21 दिवसांच्या आत सर्व सदस्यांची बैठक बोलावून मार्ग काढावा लागतो. बातम्यांत याला दिवाळे म्हणतात, पण खाजगी कंपनी जशी दिवाळखोरीत निघते तसे काउन्सिल निघू शकत नाही, कारण वृद्धांची आणि मुलांची जबाबदारी दुसऱ्या दिवशीही असतेच. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने स्लाउवर कमिशनर नेमले. निवडून आलेले सदस्य आपापल्या जागी राहिले, सभा होत राहिल्या, पण वित्त, कारभाराची पद्धत आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नेमणुका यांबाबतचे अधिकार या कमिशनरांकडे गेले आणि त्यांचे मानधन देण्याची जबाबदारीही काउन्सिलवरच आली. कर्ज कमी करण्यासाठी मालमत्ता विकण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. 2023-24 मध्ये सार्वमताशिवाय 10 टक्क्यांपर्यंत करवाढ करण्याची खास मुभा सरकारने दिली आणि एप्रिल 2023 पासून काउन्सिलचा कर 9.99 टक्क्यांनी वाढला. मतदान होते त्यानंतर जेमतेम महिनाभराने. वाढीव बिल नुकतेच दारात येऊन पडलेले असताना मतदाराने देशातल्या पंतप्रधानाकडे न पाहता शहरातल्या सत्ताधाऱ्यांकडे पाहिले, यात मला तरी नवल वाटत नाही.

निकाल एवढा पालटण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते निवडणुकीच्या पद्धतीत आहे. 2023 पूर्वी स्लाउमध्ये एक तृतीयांश सदस्यांची निवडणूक व्हायची. बहुतेक वॉर्डांत तीन सदस्य असायचे, चार वर्षांच्या चक्रातल्या तीन वर्षांत दरवर्षी त्यांतला एकेक निवडला जायचा आणि चौथ्या वर्षी मतदान नसायचे. या पद्धतीत मतदाराचा राग हप्त्याहप्त्याने व्यक्त होतो : एखाद्या वर्षी सत्ताधाऱ्यांनी सगळ्या जागा गमावल्या तरी उरलेले दोन तृतीयांश सदस्य शाबूत असतात. शिवाय सारखी निवडणूक तोंडावर असल्यामुळे नकोसे निर्णय पुढे ढकलण्याची सवय लागते. काउन्सिल कोलमडल्यावर ही पद्धत बदलण्याचा आग्रह धरला गेला आणि काउन्सिलने चार वर्षांतून एकदाच सर्व जागांसाठी मतदान घेण्याचे ठरवले. त्यासाठी वॉर्डांच्या सीमा नव्याने आखण्यात आल्या. हे काम पक्षांच्या हाती नसते, स्थानिक सीमा आयोग ही स्वतंत्र संस्था ते करते. नव्या आखणीत चाल्वी, सिपेनम, लँगली, ब्रिटवेल अशा वस्त्यांतून प्रत्येकी दोन सदस्यांचे 21 वॉर्ड तयार झाले. एका वॉर्डात साधारण पाच हजारांच्या आसपास मतदार येतात. 2023 मध्ये सगळ्या 42 जागा एकाच दिवशी पणाला लागल्या, आणि दोन वर्षे साठलेली नाराजी एकाच दिवशी मोजली गेली.

दोन सदस्यांच्या वॉर्डात मतदाराला दोन मते असतात. तो दोन उमेदवारांपुढे फुली मारतो, किंवा वाटल्यास एकाच्याच पुढे मारून थांबतो, आणि सर्वाधिक मते मिळालेले दोघे निवडून येतात. पसंतीक्रम नाही, टक्केवारीच्या प्रमाणात जागावाटप नाही. समजा एका वॉर्डात एका पक्षाच्या दोघांना 900 आणि 870 मते मिळाली, दुसऱ्या पक्षाच्या दोघांना 850 आणि 840 आणि तिसऱ्याच्या दोघांना 500 आणि 480. तर पहिल्या पक्षाला दोन्ही जागा मिळतात, म्हणजे साधारण 40 टक्के पाठिंब्यावर वॉर्डातले शंभर टक्के प्रतिनिधित्व. पस्तीसेक मतदार इकडचे तिकडे झाले असते तर दोन्ही जागा दुसऱ्याकडे गेल्या असत्या. स्थानिक निवडणुकीत देशभरात बहुधा तीनातला एकच मतदार मतदानाला जातो, त्यामुळे एखाद्या गल्लीतली पाच-सहा कुटुंबे बाहेर पडली किंवा घरीच राहिली एवढ्यावरही निकाल फिरू शकतो. मतपत्रिकेवर नावे आडनावाच्या इंग्रजी वर्णक्रमाने असतात, आणि एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांपैकी ज्याचे नाव वर त्याला थोडी जास्त मते पडतात, असे अनेक ठिकाणी दिसून आले आहे. मते बरोबरीत सुटली तर निवडणूक अधिकारी चिठ्ठ्या टाकतो किंवा काड्या ओढायला लावतो. मे 2017 मध्ये नॉर्थंबरलंडच्या साउथ ब्लाइथ वॉर्डात असेच झाले. काडी लिबरल डेमोक्रॅट उमेदवाराच्या बाजूने आली आणि 67 सदस्यांच्या काउन्सिलमध्ये हुजूर पक्षाचे बहुमत त्या एका काडीने हुकले.

स्लाउमध्ये हुजूर पक्षाच्या वाट्याला 42 पैकी 21, म्हणजे बरोबर निम्म्या जागा आल्या. बहुमताला 22 लागतात. कोणालाच बहुमत नसलेल्या अशा काउन्सिलला तिथे 'नो ओव्हरऑल कंट्रोल' म्हणतात आणि इंग्लंडमध्ये ही स्थिती सर्रास आढळते. अशा वेळी पक्ष उघड आघाडी करतात, नाहीतर सर्वांत मोठा पक्ष अल्पमतात कारभार करतो आणि प्रत्येक मोठ्या ठरावाला बाहेरून मते जमवतो. स्लाउमध्ये हुजूर पक्षाचे डेक्स्टर स्मिथ काउन्सिलचे नेते झाले. खरा कारभारी हा नेताच. 2000 च्या कायद्याने आलेल्या पद्धतीनुसार सर्व सदस्य मिळून त्याला निवडतात, तो आपले मंत्रिमंडळ नेमतो आणि वित्त, घरे, मुले अशी खाती वाटून देतो. महापौरही असतो, पण स्लाउमध्ये तो दरवर्षी सदस्यांमधून निवडला जातो आणि सभेचे अध्यक्षस्थान आणि समारंभ हेच त्याचे मुख्य काम असते. मते समसमान पडली तर मात्र त्याचे निर्णायक मत मोलाचे ठरते. 1984 मध्ये लिडिया सिमन्स याच पदावर निवडल्या गेल्या तेव्हा त्या ब्रिटनमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला महापौर ठरल्या, याचा या शहराला रास्त अभिमान आहे. बेडफर्ड किंवा मिडल्सब्रो इथे महापौर थेट जनता निवडते आणि तोच कारभार पाहतो, म्हणून दोन्ही पद्धती एकच मानून चालत नाही.

सत्ता बदलली, तरी कर्ज तेच राहिले आणि कमिशनरही तेच राहिले. पुढच्याच वर्षी, 2024-25 साठी, नव्या सत्ताधाऱ्यांच्या कारकिर्दीतही नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त, साडेआठ टक्क्यांपर्यंत करवाढ करण्याची मुभा स्लाउला देण्यात आली. मत देऊन काही बदलत नाही, असा अर्थ कोणी यातून काढील, पण तो मला चुकीचा वाटतो. कोणती मालमत्ता आधी विकायची, बालककेंद्र बंद करायचे की त्याच्या वेळा कमी करायच्या, बागेतला कचरा नेण्याचे पैसे घ्यायचे की नाही, एखाद्या मोकळ्या जागेवर फ्लॅट उठू द्यायचे की नाही, हे निवडून आलेले सदस्यच ठरवतात किंवा निदान त्यावर हात वर करून मत देतात. त्याहून मोठे काम देखरेखीचे. स्लाउवर जे संकट आले ते मोठ्या रकमांचे निर्णय होत असताना त्यांना नीट प्रश्न न विचारल्यामुळे वाढले. ताळेबंद वाचू शकणारा, अधिकाऱ्याला न घाबरता विचारणारा एखादा जागरूक सदस्य वॉर्डाला मिळाला, तर त्याचे मोल कोणत्याही आश्वासनापेक्षा जास्त आहे, आणि तो सदस्य मिळण्यासाठी कोणीतरी निवडणुकीला उभे राहावे लागते, कोणीतरी दोन फुल्या मारायला बाहेर पडावे लागते. सदस्यांना पगार नसतो, फक्त वार्षिक भत्ता मिळतो, म्हणून बहुतेक जण नोकरी सांभाळून संध्याकाळी सभांना जातात. ज्या सदस्याचा स्वतःचा काउन्सिल टॅक्स दोन महिने थकला असेल त्याला अंदाजपत्रकावर मत देता येत नाही, हा नियम मला फार योग्य वाटतो.

प्रचाराचे स्वरूप आपल्याकडच्या मानाने अगदीच शांत असते. सभा, मिरवणुका, ध्वनिक्षेपक जवळजवळ नसतात. कार्यकर्ते मतदारयादीचे कागद हाती घेऊन दारोदार फिरतात, बेल वाजवून दोन मिनिटे बोलतात, घरात कोणी नसेल तर दाराच्या फटीतून पत्रक आत सरकवतात. खर्चावर कडक मर्यादा आहे : हजार पौंडांच्या आसपासची मूळ रक्कम आणि त्यावर दर मतदारामागे काही पेन्स, एवढ्यातच सगळे बसवावे लागते. अनामत रक्कम भरावी लागत नाही. वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या आणि ठरलेल्या दिवशी दुपारी चारच्या आत दिलेला अर्ज एवढ्यावर उमेदवारी मिळते.

मतदान मेच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी 7 ते रात्री 10 या वेळात होते. सुट्टी नसते, लोक कामावर जाताना किंवा परतताना मत देतात. केंद्र शाळेत, चर्चच्या सभागृहात, कधी एखाद्या पबमध्येही असते. बाहेर पक्षांचे कार्यकर्ते छातीवर रंगीत फीत लावून उभे असतात आणि तुमचा मतदार क्रमांक विचारतात. आपल्या समर्थकांपैकी कोण यायचे राहिले आहे हे कळावे, एवढाच त्यांचा हेतू असतो आणि त्यांना उत्तर देणे बंधनकारक नाही. आत टेबलामागचा कर्मचारी ओळखपत्र पाहतो, यादीत नावापुढे खूण करतो आणि कागदी मतपत्रिका देतो. आडोशाच्या कप्प्यात दोरीला बांधलेली पेन्सिल असते. यंत्र नाही, बोटाला शाई नाही. फुली मारायची, कागद घडी करून पेटीत टाकायचा. फुलीऐवजी बरोबरची खूण केली तरी मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर मत ग्राह्य धरतात. संशयास्पद मतपत्रिका मोजणीच्या वेळी उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवून मगच निवडणूक अधिकारी निर्णय देतो. छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवण्याची सक्ती इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांत पहिल्यांदा मे 2023 मध्येच लागू झाली. चालणाऱ्या ओळखपत्रांत राष्ट्रकुलातल्या देशांचे पासपोर्टही आहेत, म्हणजे भारतीय पासपोर्ट चालतो.

आता मराठी वाचकासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग. इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकीत मत देण्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे, वय 18 पूर्ण असलेला आणि तिथे राहण्याचा वैध व्हिसा असलेला भारतीय नागरिक मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो. नोकरीच्या व्हिसावर आलेला अभियंता, त्याच्याबरोबर आलेली पत्नी आणि पदव्युत्तर शिक्षण घेणारा विद्यार्थी या सगळ्यांना हा हक्क आहे, आणि संसदेच्या निवडणुकीतही आहे. उमेदवार म्हणून उभे राहायचे असेल तर मात्र भारतीय नागरिकाकडे मुदतीची अट नसलेला वास्तव्य परवाना, ज्याला तिकडची मंडळी आयएलआर म्हणतात, तो लागतो. शिवाय त्या काउन्सिलच्या हद्दीत मतदार असणे, वर्षभर राहिलेले असणे, तिथे मुख्य काम असणे किंवा जागा ताब्यात असणे यांपैकी एक अट पुरी करावी लागते. भारतीय माणूस तिथल्या काउन्सिलवर निवडून येणे ही आजकालची गोष्ट नाही. व्ही. के. कृष्ण मेनन हे भारताचे संरक्षणमंत्री होण्याच्या कितीतरी आधी, 1934 मध्ये, लंडनच्या सेंट पँक्रस या विभागाच्या (बरोच्या) काउन्सिलवर मजूर पक्षाचे सदस्य म्हणून निवडून आले, 1947 पर्यंत तिथे राहिले आणि तिथल्या ग्रंथालयांसाठी त्यांनी मनापासून काम केले.

इतका जुना हक्क आपल्याच माणसांच्या कपाटात पडून राहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. चार-पाच वर्षे तिथे राहणारी, दर महिन्याला काउन्सिल टॅक्स भरणारी, मुलांना तिथल्याच शाळेत घालणारी कुटुंबे 'आपण कुठे इथले नागरिक आहोत' असे म्हणून नोंदणीचे पत्र बाजूला ठेवतात. प्रत्यक्षात पात्र माणसाने नोंदणी करणे कायद्याने अपेक्षित आहे आणि काउन्सिलने सूचना देऊनही ती टाळली तर 80 पौंडांचा दंड होऊ शकतो. मतदारयादीत नाव असले की बँका आणि मोबाइल कंपन्या पत्त्याची खात्री करू शकतात, त्यामुळे कर्ज किंवा करार मिळणे सोपे जाते, हा आणखी एक फायदा.

नोंदणी सरकारी संकेतस्थळावर काही मिनिटांत होते. राष्ट्रीयत्व, पत्ता, जन्मतारीख आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक (नोकरी आणि करासाठी सरकार देते तो वैयक्तिक क्रमांक) एवढी माहिती लागते, आणि तो क्रमांक नसेल तर दुसरा पुरावा मागतात. मतदानाच्या 12 कामकाजी दिवस आधी नोंदणी बंद होते. टपालाने मत देण्याचा अर्ज त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत करता येतो, आणि त्या काळात भारतात येणार असाल तर आपल्या वतीने दुसऱ्या मतदाराला मत देण्याचा अधिकार देता येतो, त्यासाठी 6 कामकाजी दिवस आधीपर्यंत मुदत असते. पत्ता बदलला की नोंदणी पुन्हा करावी लागते. भाड्याचे घर बदलणाऱ्यांची नावे यादीतून सुटतात ती बहुधा याच कारणाने. स्लाउमध्ये सर्व जागांसाठीची पुढची निवडणूक ठरल्याप्रमाणे 6 मे 2027 रोजी आहे, आणि तिची मतदारयादी एप्रिलच्या मध्यानंतर बंद होईल.